विसार देण्याआधी

(दृश्य: विट्याचं बसस्थानक, सकाळ. आटपाडी, मायणी, तासगावच्या पाट्या.)

खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलीत. सोनं-चांदी गाळायची कुठल्या कुठं, पण घर मात्र गावाकडंच हवं. जत्रेला आली की घरं बघतात. दार कुठल्या दिशेला, बोअरला पाणी किती, दारात ट्रॅक्टर वळतो का, सगळं विचारतात. घर पसंत पडलं की विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देतात, आणि मग कर्जासाठी बँकेत जातात.

तिथंच घोडं पेंड खातं.

(दृश्य: हातात जुना, घडी पडलेला उतारा.)

विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढं करतो. त्यावर त्याचं नाव असतं, घरपट्टीची पावतीही असते. पण हा कागद कर आकारणीचा. त्यानं मालकी सिद्ध होत नाही. तलाठ्याकडचा ८-अ तर शेतजमिनीच्या खात्याचा. बोलताना दोन्हींना 'आठ अ'च म्हणतात, म्हणून कागद हातात घेऊन वाचा.

शेताला सातबारा होता, पण कित्येक गावठाणांची मोजणीच झाली नव्हती. बापजाद्यांचं घर असूनही ते तारण ठेवता येत नव्हतं. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोननं गावठाणं मोजून प्रॉपर्टी कार्ड द्यायचं ठरलं. तेव्हा घर दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: कार्ड निघालंय का? तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करा.

(दृश्य: अंगणात बसलेल्या दोन बहिणी.)

कार्ड असलं तरी त्यावरची नावं बघा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली आणि वारसनोंद तशीच राहिली, असं सर्रास दिसतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भाऊ विकायला निघतो. बहीण कऱ्हाडला नांदते, तिला कुणी विचारलेलंच नसतं. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध, काढतो तेव्हा तिचं नाव पुढं येतं. आधी तिच्या दारात जा. तिचा वाटा तिला कळायलाच हवा, कर्ज मिळो न मिळो.

मळ्यातला नवा बंगला देखणा दिसतो. जमीन बिनशेती आहे का, ते विचारा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल आणि प्रादेशिक योजनेत बिगरशेती झोनमध्ये येत असेल, तर बिनशेतीचा मार्ग निघू शकतो. नोटरीवर घेतलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्याच्या मात्र नादी लागू नका.

पैशाचं गणितही आधीच मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. उरलेले पैसे, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च गाठीला हवा.

(दृश्य: विसार पावतीवर सही करणारा हात.)

एवढं बघूनही विसार द्यायचाच असेल, तर पावतीवर एक ओळ लिहून घ्या: 'कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत.'