मतं दोन, कूलर एक

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते एका घरात दोन मतं असली तर काय होतं यावर. दोन कुठली म्हणा, आपल्या नागपुरात चार माणसं बसली की पाच मतं निघतात आणि त्यातलं एक तरी वेगळ्या विदर्भाचं असतंच.

आमचं घर नागपुरातल्या महाल भागातलं, जुनं. खाली मोठे बाबा आणि मोठी आई, वर आम्ही. मोठे बाबा कट्टर विदर्भवादी आणि माझे बाबा, म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, शाळेत शिक्षक आणि पक्के महाराष्ट्रवाले. त्यामुळं १ मे आला की सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शाळेत झेंडावंदनाला निघायचे आणि मोठे बाबा खिशावर काळी फीत लावून ओट्यावर, अगदी बाबांच्या वाटेतच, पेपर उघडून बसायचे. विदर्भवाले तो काळा दिवस पाळतात हे काही तुम्हाला सांगायला नको. बाबा म्हणायचे, "दादा, येतो." मोठे बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "ये. ऊन तापून राहिलं, दुपट्टा घेऊन जाय."

आता बघा, दोघांकडंही कागद होते, उगाच हवेत भांडण नव्हतं. मोठ्या बाबांचा कागद म्हणजे फाजल अली आयोग, राज्यांची नव्यानं आखणी करायला नेमलेला. १९५५ साली त्या आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा असं सांगितलं होतं, आणि नागपूर तर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानीच होतं. बाबांचा कागद म्हणजे १९५३ चा नागपूर करार. विदर्भाला नोकऱ्यांत, शिक्षणात लोकसंख्येप्रमाणे वाटा आणि विधिमंडळाचं दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात. मोठे बाबा म्हणायचे, "लिहिलं ना? मग भेटलं का?" बाबा म्हणायचे, "नाही भेटलं तर मागा ना, घर काहून मोडता?" दरवर्षी हेच. (ते अधिवेशन मात्र अजून होतं, सिव्हिल लाइन्समध्ये गाडी घालायची सोय राहत नाही, पण संत्र्याचे आणि हुरड्याचे दिवस असतात त्यामुळं मुंबईहून येणाऱ्यांची चैन असते असं माझं मत आहे, ते सोडा.)

तर अशाच एका १ मेची गोष्ट. ही मला सांगायला फार आवडते, घरचे म्हणतात पुरे कर आता, पण तुम्ही काही मला थांबवू शकत नाही.

त्या दिवशी मोठ्या आईच्या माहेरची माणसं भंडाऱ्याहून आलेली. आमरस, कुरड्या, सगळा बेत. आणि मोठ्या बाबांनी सकाळीच जाहीर केलं की आज मी गोड खाणार नाही, महाराष्ट्र दिनाचं जेवण मला नको. मोठी आई पातेल्यात रवी फिरवता फिरवता म्हणाली, "आंब्याले काय माहीत आज काय आहे ते? रस काढून ठेवला, तुमची वाट पाहत बसला तर तोही काळा पडन." भंडाऱ्याचे पाहुणे हसायला लागले, मोठे बाबा काही बोलले नाहीत पण चेहरा पडला.

आणि नेमका तेव्हाच कूलर बसला. पंखा फिरतोय पण पाणी चढेना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत पंधरा माणसं आणि कूलर नुसती भट्टीची हवा फेकून राहिला. तो कूलर दोघा भावांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेला, लोखंडी, मोठा, आख्ख्या घरात तेवढा एकच. म्हणजे दुरुस्त पण दोघांनीच करायचा. सकाळपासून एकमेकांशी बोलले नव्हते, ते दोघं मागच्या बाजूनं जाऊन उकिडवे बसले. मागची ताटी काढली, ती ओली खसाची ताटी बाबांनी धरली, पांढऱ्या शर्टाची वाट लागली. आणि आम्ही पोरं आतून, कूलरच्या समोरून, सगळं ऐकतोय.

"प्लग काढला का?"
"काढला. आयोगाची शिफारस काय होती ते तुले माहीत आहे ना?"
"माहीत आहे. पंपात कचरा अडकला पहा."
"दिसलं मले. राजधानी गेली, कोणी विचारलं का आपल्याले?"
"दादा, तो पाईप धर, पाईप."

कचरा निघाला, पण पाईप पंपावर बसेना, सारखा सुटायचा. क्लिप तुटलेली. सुतळी आण, दोरी आण, आई शोधून राहिली, मोठी आई शोधून राहिली, भरल्या घरात एक सुतळी सापडेना. मग मोठ्या बाबांनी काय करावं? खिशावरची काळी फीत काढली आणि पाईपला गच्च आवळून बांधली. प्लग लावला, पाणी सर्रकन चढलं, गार हवा आली, पोरांनी टाळ्या पिटल्या.

बाबा ओल्या शर्टानं उभे राहिले आणि म्हणाले, "पहा दादा, विदर्भाच्या फितीवर महाराष्ट्र गार होऊन राहिला."

मोठे बाबा हात पुसत म्हणाले, "होऊनच राहिला आहे ना कधीचा! वीज कुठची? कोराडीची, चंद्रपूरची. आमचीच."

यावर बाबांकडं उत्तर नव्हतं. मोठ्या बाबांनी दोन वाट्या रस घेतला. ती फीत पावसाळ्यापर्यंत कूलरमध्येच राहिली आणि पुढच्या १ मेला मोठ्या बाबांनी नवी आणली. मत ना त्यांनी बदललं, ना बाबांनी.

आता लोक फॅमिली ग्रुपवर एक मेसेज पटला नाही की ग्रुप सोडून जातात. आमच्याकडं सोडून जायचं कुठं, बाजूच्या खोलीत शेगडीसारखं तापलेलं! म्हणून मी म्हणते, घरात एक तरी गोष्ट अशी पाहिजे की तिच्यासाठी सगळ्यांना एका खोलीत यावंच लागेल. परत सांगते, एका खोलीत यावंच लागेल. मतं जुळली काय न जुळली काय. आणि खोलीखोलीत एसी लावणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचसाठी, बिलासाठी नाही. बरं, एसीला खिडक्या बंद लागतात आणि कूलरला उघड्या, तेही एक आहेच, शेजाऱ्यांनाही आमचा फाजल अली पाठ झाला होता.

दोघंही आता थकलेत. मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा आला होता, पुण्याला आयटीत आहे, हिंजवडीत. त्याच्यासमोर दोघांचं सुरू झालं तर तो म्हणाला, आजोबा, राज्य कोणतंही करा हो, मला फक्त सुट्टीत घरी यायला कन्फर्म तिकीट मिळालं पाहिजे.

मोठे बाबा एकदम सरसावून बसले. "पण तुले नोकरीले पुण्याले काहून जावं लागलं, ते सांग आधी."

बाबा म्हणाले, "पुणं आपलंच आहे म्हणून तर गेला ना तो!"

आणि झालं सुरू. नमस्कार.