झाकण उघडं, तासभर

नमस्कार श्रोतेहो. बाहेर पाऊस, घरात दोरीवर चार दिवसांचे दमट कपडे, आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी. आली कुठून? हवेतून. हवेतले जीवाणू आणि बुरशी पकडून वाढवतात कसे, ते आज सांगते.

साधी रीत अशी. 90 मिलिमीटर व्यासाची, झाकण असलेली उथळ काचेची बशी घ्यायची. तिला पेट्री डिश म्हणतात, पेट्री नावाच्या जर्मन संशोधकाने ती 1887 मध्ये पुढे आणली. तीत पोषक द्रव्यं घातलेला, जेलीसारखा गोठणारा अगार ओतून घट्ट होऊ द्यायचा. मग झाकण काढायचं, तासभर ठेवायचं, झाकण लावायचं. जमिनीपासून 1 मीटर वर, भिंतीपासून 1 मीटर लांब, 1 तास. पुन्हा सांगते: एक, एक, एक. हवेतून खाली बसलेला जीव तिथे रुजतो आणि त्याचा डोळ्यांना दिसणारा ठिपका होतो, त्याला वसाहत म्हणायचं. जीवाणूंच्या बशा 37 अंशांवर एक-दोन दिवस, बुरशीच्या 25 ते 28 अंशांवर पाच-सात दिवस.

आता ठाण्याच्या नौपाड्यातली गोष्ट. शिकत असताना मी आमच्या ओळखीच्या काकूंच्या घरी चार बशा मांडल्या. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मोरीजवळ आणि गॅलरीत. झाकणं काढली, "काकू, तासाभराने येते" म्हटलं आणि खाली चहाला गेले. परत आले तर गॅलरीतल्या बशीवर स्टीलची ताटली उपडी. मोरीजवळच्या बशीवरही ताटली. उरलेल्या दोन जागेवरच नाहीत!

"काकू, बशा?"

"फ्रिजमध्ये. चायना ग्रास आहे ना हे? मग अन्न असं उघडं टाकतात का गं? माशा बसल्या असत्या."

माझ्या अख्ख्या ठाण्यातली सर्वांत शुद्ध हवा त्या दिवशी काकूंच्या घरात निघाली असती. पण चायना ग्रास त्यांनी बरोबर ओळखलं होतं. अगार म्हणजे तेच, समुद्री शेवाळातून काढलेलं. 1881 च्या सुमारास वाल्टर हेसे हे जर्मन डॉक्टर हवेतलेच जंतू वाढवत होते आणि उन्हाळ्यात जंतूंचं खाद्य घट्ट करायला घातलेलं जिलेटिन वितळून जायचं. त्यांची पत्नी फॅनी स्वयंपाकघरात जेलीला अगार वापरायची. तिने सांगितलं, हे घाला, वितळणार नाही. बशीला पेट्रीचं नाव मिळालं, अगारला फॅनीचं कोणी दिलं नाही. स्वयंपाकघरातून आलेल्या शोधांचं हे नेहमीचंच आहे, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी नव्या बशा घेऊन गेले आणि या वेळी घरातच ठाण मांडलं. झाकणं काढली. अर्ध्या तासाने काकू उठल्या, केरसुणी घेतली. दिवेलागणीच्या आत केर काढायलाच हवा, मी काय बोलणार? बैठकीची खोली झाडून झाली, गॅलरी तशीच राहिली. चार दिवसांनी गॅलरीतल्या बशीवर अकरा वसाहती होत्या. बैठकीच्या खोलीतल्या बशीवर चाळिसाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. काळ्या मिरपुडीसारखी अ‍ॅस्परजिलस, निळसर हिरवी पेनिसिलियम, या दोन्ही बुरशी, आणि मध्ये लख्ख पिवळे जीवाणू. झाडताना बसलेली धूळ उठली आणि जंतूंना बरोबर घेऊन बशीत उतरली.

हवा खरोखर मापायची तर ही रीत अपुरी आहे, कारण जड कण लवकर बसतात, हलके तरंगतच राहतात. म्हणून हवा खेचणारी यंत्रं आली. अँडरसन यांचं 1958 चं यंत्र मिनिटाला सुमारे 28 लिटर हवा ओढतं आणि एकाखाली एक सहा चाळण्यांतून नेतं. प्रत्येक चाळणीला 400 भोकं, खालची भोकं वरच्यांपेक्षा बारीक, आणि प्रत्येक चाळणीखाली अगारची एक बशी. फुप्फुसात खोल जाणारे कण खालच्या बशांत सापडतात. पण दोन्ही रीतींत जे अगारवर वाढतं तेवढंच दिसतं, एवढं ध्यानात असू द्या.

नव्या टॉवरमधल्या सरकत्या खिडक्या अर्ध्याच उघडतात, त्यावरही मला बोलायचं होतं, पण घड्याळ बघते आहे. एकच सांगते. वाढलेली बशी उघडू नका, वासही घेऊ नका. आमच्याकडे ती 121 अंशांच्या वाफेत, कुकरसारख्याच भांड्यात, 15 मिनिटं ठेवून मगच टाकतात.

आणि काकू? बशा बघून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "रविवारी ये. आधी ओल्या फडक्याने पुसते, आणि मग मोज."