तारीख जुळली म्हणजे दिवस जुळला का?

मंडळी, आजचा विषय ‘एकाच तारखेला घडलेला इतिहास’ असा जाहीर झालाय. तारखा का जुळतात, त्यातला कुठला मेळ निव्वळ योगायोगाचा आणि कुठला माणसांनी घडवून आणलेला, हे सांगायचं मी कबूल केलंय. सांगणार आहेच. पण त्याआधी दिनविशेषाच्या सदरांबद्दलची एक तक्रार मांडतो, कारण ती मिटल्याशिवाय पुढच्या बोलण्याला पाया नाही.

२३ एप्रिल आला की ठरलेलं वाक्य येतं: शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस १६१६ साली एकाच दिवशी गेले. युनेस्कोनं १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी ही तारीख निवडली, तेव्हापासून तर हे वाक्य पक्कंच झालं. आता वार काढून बघू. स्पेनमधला २३ एप्रिल १६१६ हा शनिवार होता. इंग्लंडमधला २३ एप्रिल १६१६ हा मंगळवार होता. एकाच दिवशी गेलेल्या दोन माणसांपैकी एक शनिवारी आणि दुसरा मंगळवारी कसा जाईल?

आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर स्पेननं पहिल्याच फटक्यात स्वीकारलं होतं. तिथे ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. इंग्लंड मात्र जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर अडून राहिलं, ते पार १७५२ पर्यंत. तिथे २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. म्हणजे शेक्सपिअर गेला तो दिवस स्पेनच्या हिशेबानं ३ मे. दोघांच्या मृत्यूत दहा दिवसांचं अंतर आहे. खरं तर अकरा, कारण सर्व्हांतेस गेला २२ तारखेला. २३ तारीख त्याच्या दफनाची आहे.

हे तपासायची रीत अवघड नाही. दिनविशेष लिहिणाऱ्या प्रत्येकानं ती हाताशी ठेवावी. आधी घटना कुठल्या राज्यातली ते बघायचं आणि त्या राज्यानं कॅलेंडर कधी बदललं ते काढायचं. बदलाआधीची तारीख असेल तर दिवस मिळवायचे: १५८२ पासून १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १०, तिथून १८०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत ११, मग १९०० पर्यंत १२ आणि त्यानंतर १३. दर शतकाला एक दिवस वाढायला हवा होता, मग १६०० मध्ये का वाढला नाही? ज्या शतकवर्षाला ४०० नं भाग जातो ते ग्रेगोरियनमध्येही लीप वर्षच राहतं, म्हणून.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सगळीकडे १३ मिळवणं. रशियन क्रांतीचं २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे ७ नोव्हेंबर, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की टॉलस्टॉयच्या जन्मतारखेलाही तेच १३ लावले जातात. तो जन्मला २८ ऑगस्ट १८२८ ला. तिथे १२ च मिळवायचे, ९ सप्टेंबर येतो.

पडताळा घ्यायचा तो वारावरून. कॅलेंडर बदललं, तारखा उडाल्या, पण वारांची रांग कुठेही तुटली नाही. शिवाजी महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख ज्युलियन आहे. वार शुक्रवार. दहा दिवस मिळवा, १६३० लीप वर्ष नाही, म्हणून १ मार्च येतो, आणि ग्रेगोरियन गणितानं १ मार्च १६३० चा वार काढला तर तोही शुक्रवारच. वार जुळला नाही तर कुठेतरी बेरीज चुकलीय असं खुशाल समजा.

दुसरा खड्डा वर्षारंभाचा. १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद तिथल्या कागदांत ३० जानेवारी १६४८ चा आणि आपल्या पुस्तकांत १६४९ चा. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१, आज २२ फेब्रुवारी १७३२. तारीख अकरा दिवसांनी सरकली आणि सालही बदललं.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे तर शाळेपासून ऐकतो आपण. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, ही इटलीची ग्रेगोरियन तारीख. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा इंग्लंडचा ज्युलियन नाताळ, म्हणजे ग्रेगोरियन ४ जानेवारी १६४३. एक तारीख या वहीतली, दुसरी त्या वहीतली. कुठलीही एकच वही घेतली की हा मेळ राहत नाही.

विसाव्या शतकात कॅलेंडर बहुतेक एक झालं, पण मध्यरात्र एक झाली नाही. पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा, मलायात कोटा बारूला जपानी फौजा उतरल्या त्या ८ डिसेंबरला. तारखा वाचून वाटतं, आधी पर्ल हार्बर. प्रत्यक्षात मलायातला हल्ला तासाभराहून अधिक आधी सुरू झाला होता. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे एवढंच. जर्मनीची शरणागती अमलात आली ८ मे १९४५ च्या रात्री अकरा वाजून एक मिनिटांनी. मॉस्कोत तेव्हा ९ मे लागला होता, म्हणून रशियाचा विजयदिन ९ मे.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कबूल केलेला भाग आता भराभर सांगतो.

निव्वळ योगायोग असतात आणि ते भरपूर असतात. लिंकन आणि डार्विन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ चे, आणि इथे दोन्ही देशांचं कॅलेंडर एकच, म्हणून हा मेळ अस्सल. पण त्यात नवल किती मानायचं? २३ माणसं एकत्र आली की त्यांच्या २५३ जोड्या होतात, आणि कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. इतिहासात नावाजलेली माणसं हजारोंनी आहेत. तारखा जुळल्या नसत्या तरच कोडं पडलं असतं.

ठरवून जुळवलेल्या तारखा मला जास्त मोलाच्या वाटतात, कारण त्यांत निवडणाऱ्याचा हेतू वाचता येतो. नेपोलियननं स्वतःला मुकुट घातला २ डिसेंबर १८०४ ला, ऑस्टरलित्झची लढाई जिंकली २ डिसेंबर १८०५ ला. पुतण्यानं सत्ता बळकावली २ डिसेंबर १८५१ ला आणि बरोबर वर्षानं साम्राज्य जाहीर केलं. काकाची तारीख त्यानं मुद्दाम उचलली. प्रशियाचं राज्य १८ जानेवारी १७०१ चं, म्हणून जर्मन साम्राज्याची घोषणा १८ जानेवारी १८७१ ला. आपला १५ ऑगस्टही यातलाच. जपाननं १९४५ साली त्याच तारखेला शरणागती जाहीर केली होती, म्हणून माउंटबॅटननं ती निवडली.

तिसरा प्रकार साखळीचा, आणि त्यासाठी जर्मनीचा ९ नोव्हेंबर बघा. १९१८ मध्ये या दिवशी बर्लिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. १९२३ मध्ये म्युनिचमध्ये हिटलरचं बंड फसलं. १९३८ मध्ये त्याच बंडाच्या स्मरणासाठी नाझी पुढारी म्युनिचमध्ये जमले होते. पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाची गोळी लागलेला जर्मन अधिकारी दगावल्याची बातमी तिथे आली, गोबेल्सनं भाषण केलं आणि त्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जळाली. स्मरणदिन नसता तर ती सगळी मंडळी त्या संध्याकाळी एका दालनात नसती. इथे तारखेनंच घटना घडवायला हात लावला.

१९८९ चा ९ नोव्हेंबर मात्र या साखळीत बसत नाही. पूर्व जर्मनीचा प्रवासाचा नवा नियम दुसऱ्या दिवशी, १० तारखेला जाहीर व्हायचा होता. प्रवक्ता शाबोव्स्कीला ते नीट सांगितलेलं नव्हतं. नियम कधीपासून, असं पत्रकारानं विचारलं, तेव्हा त्यानं कागद चाळले आणि आपल्या माहितीप्रमाणे लगेच, असं सांगून टाकलं. लोक बर्लिनच्या भिंतीकडे निघाले आणि रात्री फाटकं उघडली. देश एक होताना राष्ट्रीय दिन म्हणून ही तारीख सुचवली गेली, पण १९३८ ची रात्र तिच्यावर असल्यानं जर्मनीनं ३ ऑक्टोबर घेतला.