नको तो उजेड: आदित्यवरच्या दुर्बिणीची गोष्ट

22 जानेवारी 1898. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांची तुकडी दुर्बिणी मांडून विजयदुर्गावर सज्ज होती. हेलियम याच किल्ल्यावर सापडला असं आपल्याकडे हौसेनं सांगतात, पण तो शोध 1868चा. इथला सगळा खटाटोप होता तो खग्रास ग्रहणातल्या दोनेक मिनिटांसाठी, तेवढ्यातच दिसणाऱ्या करोनासाठी.

करोना म्हणजे सूर्याचं बाहेरचं, विरळ वातावरण. सूर्यबिंबाच्या अगदी कडेलाही त्याचं तेज बिंबाच्या तेजाचा जेमतेम दहा लाखांवा भाग. म्हणून करोनाची दुर्बीण बनवताना खरा प्रश्न असतो नको तो उजेड घालवायचा कुठे.

[दृश्य: बंगळुरूजवळच्या होसकोटे येथील स्वच्छ कक्ष. डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेले तंत्रज्ञ.]

बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या आदित्य-एल1 यानासाठी व्हीईएलसी ही करोना टिपणारी दुर्बीण बनवली. सूर्यापुढे एखादी चकती धरली तर? चालतं, पण चकती जवळ असली की बिंबालगतचा करोनाही झाकला जातो. युरोपच्या प्रोबा-3 मोहिमेत ही चकती दुसऱ्याच यानावर, सुमारे दीडशे मीटर पुढे उडते. आदित्यवर एवढी जागा कुठली!

म्हणून ग्रहण दुर्बिणीच्या पोटातच लावलं. मुख्य आरसा सूर्याची प्रतिमा दुसऱ्या आरशावर पाडतो. त्या आरशाला मधोमध भोक आहे. बिंबाचा उजेड त्यातून आरपार जातो आणि तिसरा आरसा तो यानाबाहेर फेकतो. भोकाभोवती पडलेला करोना तेवढा पुढे जातो.

ऐकायला सोपं आहे. पण मुख्य आरशावर पूर्ण सूर्य पडतो, तिथं धूळ बसली किंवा पृष्ठभाग जरा खडबडीत राहिला तरी विखुरलेला उजेड करोनाला गिळून टाकतो. त्यामुळे आरशाचा खडबडीतपणा अँगस्ट्रॉममध्ये मोजावा लागतो, म्हणजे अणूच्या आकाराच्या मापात. आरसाही तिरपा बसवलाय, उजेडाच्या वाटेत दुसरा आरसा किंवा त्याला धरणारी एकही दांडी येऊ नये म्हणून. माझ्या मते या उपकरणातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

उरलेल्या उजेडात शास्त्रज्ञ 530.3 नॅनोमीटरची हिरवी रेषा शोधतात. 26 पैकी 13 इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ही रेषा सांगते की तिथलं तापमान वीस लाख अंशांच्या आसपास आहे. खाली सूर्याच्या पृष्ठभागावर मात्र ते साडेपाच हजारच. वरचा थर इतका का तापतो, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही.