नऊ कोंबड्या

(पडदा काळा. काहीतरी वरून पडून फुटल्याचा आवाज. पुन्हा एक. मग बरेच.)

काळ्या मिनोर्का जातीच्या तीन तलंगा पुढे आहेत, मागे खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्या. सगळ्या उडून वाशांवर बसल्यात. तिथेच अंडी घालतायत आणि ती खाली जमिनीवर फुटतायत. वसंत तोंडावर आलाय, कोंबड्या खुडूक बसायच्या बेतात होत्या, आणि हुकूम निघाला: आठवड्याला ४०० अंडी बाजारात जाणार. आता अंडी नेणं म्हणजे खून आहे, असं कोंबड्या म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही.

जॉर्ज ऑरवेलच्या ‘ॲनिमल फार्म’च्या सातव्या प्रकरणातला हा प्रसंग. जेमतेम दोन पानांचा. आपल्याकडे या कादंबरीचं नाव निघालं की डुकरं आठवतात, आणि ते ‘काही जण जास्त समान’ वालं वाक्य. निवडणुका आल्या की ते कोणाच्या ना कोणाच्या भाषणात असतंच. कोंबड्या मात्र कोणाला आठवत नाहीत.

माणसाला हाकलून जनावरांनी शेत ताब्यात घेतलंय, आणि नेपोलियन हा तिथला सत्ताधारी डुक्कर, स्टालिनवर बेतलेला. तो कोंबड्यांशी वाद घालत बसत नाही, त्यांचा दाणा बंद करतो. त्यांना एक दाणा जरी कोणी दिला, तरी त्याला मरण. पहाऱ्याला कुत्रे. पाच दिवस कोंबड्या तग धरतात, मग गुमान खुराड्यात परततात. तोवर नऊ मेलेल्या असतात. त्यांना फळबागेत पुरतात आणि सांगतात की कॉक्सिडिओसिसनं गेल्या. म्हणजे आपले पोल्ट्रीवाले ज्याला रक्ती हगवण म्हणतात, तो रोग. अंड्यांची गाडी ठरल्याप्रमाणे आठवड्याला येत राहते.

(युक्रेनचा नकाशा. बर्फाखालची सपाट शेतं.)

तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनमधली काळी, कसदार जमीन. १९२९ पासून सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनच्या सरकारनं शेतकऱ्यांच्या जमिनी, घोडे, गुरं सामूहिक शेतात ओढायला सुरुवात केली. सरकारजमा करण्यापेक्षा अनेकांनी आपली जनावरं आपल्याच हातानं कापली. वाशांवरून पडणारी अंडी मला तिथली वाटतात.

मग आली धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं धान्य. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही, पण ही लेव्ही बियाण्यापर्यंत पोचली. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्यानं सामूहिक शेतातलं धान्य उचलणाऱ्याला गोळी, नाहीतर दहा वर्षांची कैद. लोक त्याला ‘पाच ओंब्यांचा कायदा’ म्हणू लागले. कापणीनंतर सरवा वेचणं हा कुठल्याही गावात गरिबाचा हक्क. तिथे तो गुन्हा ठरला. लेव्ही पुरी न करणारी गावं काळ्या यादीत गेली, त्यांच्या दुकानात माल येईना. जानेवारी १९३३ मध्ये अन्नाच्या शोधात युक्रेनबाहेर पडणाऱ्या शेतकऱ्यांना अडवायचा आदेश निघाला. दाणा बंद, पहाऱ्याला कुत्रे. आणि धान्याची निर्यात चालूच.

युक्रेनियन भाषेत याला होलोदोमोर म्हणतात, उपासमारीनं मारणं. एकट्या युक्रेनमधल्या मृतांचा आकडा बरेच अभ्यासक ३५ ते ३९ लाखांच्या घरात धरतात. १९३७ ची जनगणना झाली तेव्हा माणसं कमी भरली. स्टालिननं जनगणनाच रद्द केली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली. रक्ती हगवण!

(वाळूनं भरलेली कणगी. वरून एक हात धान्याचा पातळ थर पसरतोय.)

याच प्रकरणात आणखी एक चित्र आहे. शेतावर उपासमार आहे हे बाहेर कळू नये म्हणून नेपोलियन रिकाम्या कणग्या काठोकाठ वाळूनं भरून घेतो आणि उरलंसुरलं धान्य वर पसरतो. मग व्हिम्पर नावाच्या माणसाला तिथून सहज फिरवून आणतात. तो बघतो आणि बाहेर जाऊन सांगतो, सगळं ठीक आहे.

मार्च १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हा वेल्श पत्रकार युक्रेनमधल्या गावांतून पायी फिरला आणि बर्लिनला येऊन त्यानं दुष्काळाची बातमी जगाला दिली. दोनच दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतला वॉल्टर ड्युरँटी यानं ती खोडून काढली: लोक भुकेले आहेत, पण उपासमारीनं मरत नाहीत. त्याला आदल्याच वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं.

(लंडन. बॉम्बनं पडलेलं घर.)

ऑरवेलचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यानं बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागातली नोकरी सोडली आणि ही कादंबरी लिहायला घेतली. त्याच वर्षी ब्रिटिश राज्यातल्या बंगालमध्ये माणसं लाखांनी उपाशी मरत होती, हे इथे नुसतं नोंदवून ठेवतो.

फेब्रुवारी १९४४ मध्ये लिहून झालं. जूनमध्ये त्याच्या घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला आणि हस्तलिखित ढिगाऱ्यातून उकरून काढावं लागलं. प्रकाशकांचे नकार वेगळेच. रशिया तेव्हा दोस्त होता, दोस्ताला कोण दुखावणार? कवी टी. एस. एलियटनं फेबर या प्रकाशनसंस्थेतर्फे नकार कळवताना सुचवलं की जास्त लोकहितदक्ष डुकरं असती तर भागलं असतं. शेवटी ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, पुस्तक निघालं.

(जर्मनी, १९४६. निर्वासितांच्या छावण्या.)

एप्रिल १९४६. इहोर शेवचेन्को नावाच्या, पंचविशीही न गाठलेल्या तरुणाचं ऑरवेलला पत्र आलं. युद्धात घरदार तुटलेले हजारो युक्रेनियन जर्मनीतल्या छावण्यांत अडकले होते, परत सोव्हिएत राज्यात जायला घाबरत होते. शेवचेन्को त्यांच्यातल्या काहींना हे पुस्तक वाचून दाखवत होता. हातात इंग्रजी, तोंडानं तिथल्या तिथे भाषांतर. ऐकणारे आपण भोगलेलं आणि गोष्टीतलं जुळवून पाहत होते. टेकडीवर जमून जनावरं गाणं म्हणतात, तिथे तर ते हलून गेले.

युक्रेनियन भाषांतरासाठी ऑरवेलनं मानधन घेतलं नाही. १९४७ मध्ये म्युनिकमध्ये ‘कोल्होस्प त्वारिन’ छापलं गेलं. कोल्होस्प म्हणजे सामूहिक शेत. या वाचकांना तो शब्द रूपक म्हणून शिकवायची गरज नव्हती. अमेरिकन लष्करानं सुमारे १,५०० प्रती जप्त केल्या आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. त्याआधी सुमारे २,००० प्रती छावण्यांत वाटून झाल्या होत्या, असं ऑरवेलनं एका पत्रात लिहिलंय.

या आवृत्तीसाठी त्यानं खास प्रस्तावना लिहिली होती. तीत तो सांगतो, एका अरुंद वाटेवर दहाएक वर्षांचा पोरगा भल्यामोठ्या घोड्याला हाकत होता, वळायला लागला की चाबूक मारत होता. या जनावरांना आपली ताकद कळली तर, असं ऑरवेलच्या मनात आलं, आणि तिथून गोष्ट सुरू झाली.

(छापील युक्रेनियन पान. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

त्या प्रस्तावनेचं मूळ इंग्रजी हस्तलिखित हरवलं. आज आपण ती इंग्रजीत वाचतो, ती या युक्रेनियन छपाईवरून उलट भाषांतर केलेली आहे.