माणगावचा नाईक, मोंतोनेचं घड्याळ

मुंबई-गोवा हायवेवर माणगाव आलं की गाडी ट्रॅफिकमधे अडकणार हे ठरलेलं. पण तिथेच तहसील कचेरीजवळ एका सैनिकाचा पुतळा आहे, तो बघायला मुद्दाम उतरणारे फार थोडे. हे नाईक यशवंत घाडगे (नाईक हा त्यांचा लष्करातला हुद्दा). व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च युद्धशौर्य पदक, मिळालेले. वय फक्त २२.

जन्म १९२१ चा, गाव पळसगाव, इथून जवळच. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात लढत लढत इटलीपर्यंत पोचले.

१० जुलै १९४४. इकडे कोकणात लावणीचे दिवस, गुडघाभर चिखल, आणि तिकडे टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा सुरू केला. त्यांच्या सेक्शनमधली, म्हणजे छोट्या तुकडीतली, सगळी पोरं एकतर गेली नाहीतर जखमी होऊन पडली, उभे राहिले एकटे घाडगे. मागून कोणी येणार नाही हे त्यांना दिसत होतं तरी ते सरळ गनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने अजून एकाला लोळवलं, मग मॅगझिन संपलं, बदलायला वेळच नाही, तर तीच बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. आणि मग जवळूनच स्नायपरच्या गोळ्या आल्या.

त्यांचा देह सापडलाच नाही. इटलीत कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव कोरलंय, पण कबर कुठेच नाही. पदक घ्यायला त्यांची पत्नी गेली.

आता जरा मोंतोनेला जाऊ. टायबरच्या खोऱ्यातलं, डोंगरावर वसलेलं छोटंसं गाव. तिथल्या लोकांनी २०२३ मधे घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारलं, आणि तेही कसलं, तर सूर्यघड्याळ! त्यावर लॅटिनमधे लिहिलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. जवळजवळ ८० वर्षांनी, परक्या मुलखातल्या पोरासाठी. मला हे फार मोठं वाटतं.

माणगावात मात्र १० जुलैला ऊन कुठलं, पुतळ्यावरून पाणी निथळत असतं. पुढच्या वेळी तिथे अडकलात ना, तर पाच मिनिटं खाली उतरा, सोबत मुलं असतील तर त्यांनाही घ्या, आणि ते नाव त्यांना मोठ्याने वाचायला सांगा.