नागपाडा ते भायखळा: बाहेरून आलेली समाजसेवा आणि फुटपाथवरच्या बायका

नागपाडा. एका बाजूला कामाठीपुरा, दुसरीकडे भायखळा, आणि मधे तेव्हा हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिश्चन सगळे दाटीवाटीने राहणारे. १९२७ साली इथे नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू झालं आणि ते सुरू करणारा क्लिफर्ड मॅनशार्ट हा अमेरिकन मराठी मिशनचा माणूस. मिशनरी म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच चर्च आणि धर्मांतर येतं, पण याच्या डोक्यात होतं शिकागो. तिथे जेन अॅडम्सने १८८९ मधे हल हाऊस काढलं होतं, तेही लंडनचं टॉयनबी हॉल बघून. कल्पना साधी, शिकलेल्या लोकांनी गरीब वस्तीतच जाऊन राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं.

पुढे १९३६ ला टाटांच्या ट्रस्टच्या पैशातून समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली, ती पण नागपाड्यातच, पहिले डायरेक्टर हेच मॅनशार्ट. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, देवनारला गेली ती नंतर, १९५४ ला. म्हणजे आपल्याकडे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स, करणारी जी पोरंपोरी वस्तीत फिल्डवर्कला जातात ना, त्यांची पाळंमुळं या गल्लीत आहेत.

आता गंमत अशी की शिकवायला पुस्तकं सगळी अमेरिकेची. केसवर्क म्हणजे काय, तर एक माणूस, त्याची एक अडचण, आणि समोर ट्रेनिंग घेतलेला वर्कर. पण गिरणगावातल्या खोलीत एकटा माणूस सापडणार कुठे? नोकरी लावली मामाने, झोपायची जागा दिली गावकरी मंडळाने, अडीनडीला पैसे भिशीतून, आणि लग्न कुणाशी करायचं ते गावाला बसलेले म्हातारे ठरवणार, या सगळ्यात जात तर होतीच. आणि लोकांना एकत्र आणायला आपण काही बोटीतून येणाऱ्या माणसाची वाट बघत बसलो नव्हतो हो, ज्या १८८४ साली टॉयनबी हॉल उघडलं त्याच साली इथे नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडत होते. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली, १८९० ला. पण ते सिलॅबसमधे कुठे असतं, बघा जरा.

सोशल सायकॉलॉजीचीही तीच गत. कॉलेजात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगरची कॉग्निटिव्ह डिसोनन्स थिअरी सगळेच शिकतात, १९५७ ची, म्हणजे मनातल्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत की माणूस अस्वस्थ होतो आणि त्यांचा मेळ घालायला बघतो. पण त्याला ती सुचली ती बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतरच्या अफवांवरून, आणि त्या अफवा टिपून ठेवल्या होत्या जमुना प्रसाद यांनी. जिथे हादरे बसले पण पडझड झाली नाही, तिथे लोक अजून मोठं संकट येणार असं सांगत फिरत होते. आधीच घाबरलेल्या मनाला घाबरायला कारण लागतं, हे फेस्टिंगरने त्यातून काढलं. कच्चा माल इथला, थिअरी तिकडची, आणि परत आपणच ती पाठ करायची!

भायखळ्याची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. शीला पटेल आधी नागपाडा नेबरहूड हाऊसमधेच काम करायच्या. तिथल्या योजना फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपर्यंत पोचतच नव्हत्या, कारण त्यांना ना पत्ता ना रेशनकार्ड. १९८४ ला पटेल आणि सहकाऱ्यांनी बाहेर पडून स्पार्क ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा ओल्गा टेलिस निकाल आला, पालिकेला फुटपाथ मोकळे करायची वाट मिळाली, तर या लोकांनी काय केलं, फुटपाथवरची घरं मोजली. हजारो कुटुंबं. आम्ही आहोत, हे कागदावर आलं.

मग महिला मिलन, याच बायकांची संघटना. रोजची बचत, एक बाई दारोदार फिरून दोन-पाच रुपये गोळा करणार. बऱ्याच जणींना लिहिता येत नव्हतं म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे, रंगावरून रक्कम कळायची. बँकेच्या साहेबाला हे सुचलं असतं का, मला तरी नाही वाटत. घर कसं हवं तेही त्यांनीच ठरवलं, चौदा फूट उंच आणि वर पोटमाळा, खऱ्या मापाचं मॉडेल उभं करून लोकांना आत फिरवलं.

नव्वदच्या दशकात याच बायका साऊथ आफ्रिकेला गेल्या, तिथल्या झोपडपट्टीतल्या बायकांना बचत आणि मोजणी शिकवायला. १९९६ ला त्यातून स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल उभं राहिलं, झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम त्याचे अध्यक्ष होते, आणि परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांमधे आता यावर पेपर लिहिले जातात.

टीका पण झाली, आणि ती काही खोटी नाही. वर्ल्ड बँकेच्या कर्जावर रेल्वेलगतच्या झोपड्या हलवल्या तेव्हा हीच मंडळी सरकारच्या सोबत होती, काहींना पक्कं घर मिळालं पण मानखुर्दला, आणि धुणीभांडी करायची घरं राहिली जुन्या जागेजवळ. त्या इमारतींमधे अजूनही सकाळी सगळ्यात आधी निघणारी बाई ट्रेनच पकडते.